अडतं तिथे थांब

इंदापूर

चि. भाच्यास,


ताईचा फोन आला होता. बारामतीच्या खोलीवर तू रोज गिटार घेऊन बसतोस, पण तीच चार गाणी वाजतात आणि जी कॉर्डवरून सीवर जाताना हात अजून अडतो, असं तूच तिला सांगितलंस. ‘गिटार चांगली वाजवायची’ हे ध्येय वहीत लिहून ठेवलं आहेस म्हणे. ते खोड. त्यावरून आज संध्याकाळी नेमकं काय करायचं ते कळत नाही. त्याऐवजी लिही: या आठवड्यात जी ते सी, मेट्रोनोम साठवर, एक मिनिट न थांबता. शनिवारी ते जमलं की नाही, हे कोणाला विचारावं लागणार नाही.

आता त्या अडलेल्या जागेकडे नीट बघ. तू जी धरताना सहाव्या तारेवर मधलं बोट आणि पाचव्या तारेवर तर्जनी ठेवतोस. मग सीला जाताना सगळी बोटं उचलून नवी जागा शोधावी लागते. त्याऐवजी सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर अनामिका, पाचवीच्या दुसऱ्यावर मधलं बोट आणि पहिल्या तारेच्या तिसऱ्यावर करंगळी ठेव. आता सीला जाताना अनामिका आणि मधलं बोट जोडीनं एकेक तार खाली सरकतात, करंगळी उठते, तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर बसते. करंगळी आठवडाभर कुरकुर करेल, करू दे. सीवरून ए मायनरला तर एकटी अनामिका हलते, बाकी बोटं जागेवरच. कुठलाही बदल अडला की आधी हेच शोध: कोणतं बोट हलायलाच नको?

एफ कॉर्डचं दुखणं सगळ्यांनाच असतं. पहिल्या फ्रेटवर तार दाबायला सगळ्यांत जड. तोच आकार पाचव्या फ्रेटवर धर, तिथे तो ए मेजर होतो. तिथे सहाही तारा स्वच्छ बोलल्या की एकेक फ्रेट खाली उतर. तरीही बोटं सोलवटत असतील तर तारा फ्रेटपासून फार उंच असतील. दुरुस्तीवाल्याकडून त्या खाली करून घे.

लयीचं मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण गाडी तिथेच घसरते. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते. तेव्हा टाळकऱ्यांचे पाय बघ. दिवसभर चालूनही ठेका हलत नाही, कारण तो आधी पायात असतो. भजनी ठेक्याच्या आठ मात्रा पायानं धर आणि त्यावर उजवा हात नुसता खालीवर चालव, डाव्या हातानं तारा दाबू नकोस. मग मेट्रोनोम साठवर लावून सा रे ग, रे ग म, ग म प हे पलटे ठायीत वाजव: मात्रेला एक स्वर. मग दुगुन, मग चौगुन. सलग तीनदा चूक झाली नाही तरच वेग थोडा वाढवायचा. चुकत चुकत वेगात वाजवलं तर बोटांना चूकच पाठ होते.

आपला रियाज गिटारला लागू नाही, असं कोणी म्हणालं तर ब्रिजभूषण काब्रा ऐकव. अली अकबर खाँसाहेबांचे ते शिष्य. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसादांच्या बासरीबरोबर त्यांची गिटार आहे. पंडित रविशंकरांचे शिष्य विश्वमोहन भट्ट यांना तर 1994 साली ग्रॅमी मिळालं. दोघंही गिटार आडवी ठेवून तारेवरून कांब सरकवत वाजवणारे, तेव्हा त्यांचा हात तुला उचलता येणार नाही. पण एक स्वर किती वेळ जिवंत ठेवता येतो, ते कान देऊन ऐक.

रोज अर्धा तास पुरे, पण रोज. रविवारी एकदम तीन तास बसून आठवड्याची भरपाई होत नाही. आधी तारा जुळव, मग पलटे, मग अडलेली जागा, आणि गाणं शेवटी. आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐक, वाजवताना न कळलेलं बरंच तेव्हा कळतं.

दिवाळीला इंदापूरला ये. गाणं नको, मला जी ते सी ऐकायचं आहे.

तुझा,
मामा