नोटिशीवर मोर्चा काढण्याआधी

अरे, मोर्चाला मी नको म्हणत नाही. काढा खुशाल. पण घरपट्टीवाढीची नोटीस आली त्या दिवसापासून हरकतीची मुदत चालू झालीय आणि ती तुमच्या घोषणांसाठी थांबत नाही. साधारण 30 दिवस मिळतात. शेवटची तारीख नोटिशीवरच असते, ती आधी सगळ्या गल्लीच्या तोंडी बसव. चतुर्थ वार्षिक आकारणी आहे ही, म्हणजे आज गप्प बसलात तर पुढची चार वर्षं हाच आकडा बोकांडी बसेल. आणि पाचशे सह्यांचं एकच निवेदन देऊ नका. ते एक कागद म्हणून फायलीला लागतं. पाचशे घरांनी पाचशे हरकती द्याव्यात, मग प्रत्येकीची वेगळी सुनावणी घ्यावी लागते. तुझ्या आजोबांनी मला पहिलं काही शिकवलं असेल तर हे.

हरकतीत ‘कर अन्यायकारक आहे’ असं लिहून भागत नाही. टेप घे आणि घर मोज. सर्वेक्षणाला आलेली मुलं घाईत मोजून जातात. पत्र्याची खोली आरसीसी दाखवली आहे का? जुनं घर नवं धरलंय का? स्वतः राहता ती जागा भाड्याची लावली आहे का? वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीचे 10 टक्के वजा केलेत का? बिलातला एकेक कर बोट ठेवून वाच. शिक्षण कर आणि रोजगार हमी कर नगरपरिषद फक्त गोळा करते, ते पैसे राज्य सरकारचे. त्यावरून मुख्याधिकाऱ्यांशी भांडण्यात वेळ जाईल. पण रोजगार हमी कर राहत्या घराला नसतो; तो बिलात दिसला तर तेवढ्यावरच हरकत होते. अर्ज दोन प्रतींत न्यायचा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

कर भरूच नका, असं कुणी भाषणात म्हणालं तर माइक हातात घे आणि लोकांना खरं सांग. थकबाकीवर महिन्याला 2 टक्के शास्ती लागते, वर्षाला ते 24 होतात. सांगणारा निघून जातो आणि ओझं येतं ते विधवा बाईच्या दोन खोल्यांवर. ‘हक्क राखून भरणा’ असं लेखी देऊन भरा. पुढं अपिलात जायचं झालं तरी मागणीची रक्कम आधी जमा करावीच लागते.

आता मुख्य गोष्ट. तिजोरीत पैसे खरोखरच कमी आहेत, हे मान्य करून बोलायला सुरुवात कर. 1999 साली नगरपरिषदांची जकात गेली. नाक्यावर रोज येणारा पैसा बंद झाला आणि त्या जागी सरकारचं अनुदान आलं, जे सरकार देईल तेव्हा आणि देईल तेवढं. हातात उरली घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांची भाडी, बाजाराची वसुली. रस्त्यासाठी आलेला निधी पाणीयोजनेच्या वीजबिलाला लावता येत नाही. म्हणून ‘एवढे कोटी आले, मग कर कशाला वाढवता?’ असं विचारलंस की लेखापाल तुला दोन मिनिटांत गप्प करील, आणि त्याचं बरोबर असेल.

त्यापेक्षा अंदाजपत्रकाचं पुस्तक मागव. सगळे पुढच्या वर्षाचा रकाना वाचतात, तू मागच्या वर्षाची प्रत्यक्ष जमा वाच. ती त्याच वर्षाच्या अंदाजाशेजारी लिहून काढ. जो आकडा दर वर्षी फुगवून धरतात आणि दर वर्षी येत नाही, तिथंच विचारायचा प्रश्न असतो. मग मागणी-वसुलीचं रजिस्टर. मोठी थकबाकी कुणाकडे, कोर्टात किती अडकली, कोणत्या सरकारी कार्यालयांनी भरलेली नाही. मग गाळ्यांचं रजिस्टर: करार कधी संपला, भाडं कोणत्या साली ठरलेलं. नोंदच नसलेल्या इमारती आणि घर म्हणून लागलेली दुकानं तर तुम्हाला गल्लीत चालतानाही दिसतील. ही यादी घेऊन गेलास की ‘वाढ नको’ एवढंच न म्हणता ‘आधी हे वसूल करा, मग वाढीचं बोलू’ असं म्हणता येतं. हे ऐकलं की सभागृहातले लोक खुर्चीत नीट बसतात.

कागद मिळवायला दर वेळी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा 2018 चा शासनाचा निर्णय आहे. आधी बघून ये, नेमका कागद कुठला ते कळलं की मग 10 रुपयांचं तिकीट लावून अर्ज कर. एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत.

पुण्याचं बघ. स्वतः राहणाऱ्याला तिथं 1970 पासून 40 टक्के सवलत होती, ती गेली. लोकांनी अनेक वर्षं लावून धरलं, 2023 ला राज्य मंत्रिमंडळानं ती परत दिली. तरी ज्यांची सवलत निघाली होती त्यांना पीटी-3 अर्ज भरल्याशिवाय ती मिळेना. तेव्हा बातमी आली म्हणून पांगू नका, शेवटच्या घराचं बिल दुरुस्त होईपर्यंत माणसं जागेवर ठेवा.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूनं उभी राहणार नाही. पैसा आखडला की पहिली कात्री कंत्राटी सफाई कामगारांच्या पगाराला लागते आणि वस्तीतल्या नळाला लागते, कारण तिथून कुणी हरकत घेत नाही. ‘खर्च कमी करा’ ही मागणी मोघम ठेवलीत तर ती कात्री तुमच्या नावानं चालेल. कुठला खर्च ते नाव घेऊन लिहा, आणि कामगारांचा पगार व पिण्याचं पाणी यांना हात लावायचा नाही हेही त्याच पत्रात लिहा. वसुली लिपिकावर ओरडू नका. दर त्यानं ठरवलेला नाही, आणि रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते त्यालाच ठाऊक असतं.

आणि पुढच्या वर्षी नोटिशीची वाट बघू नका. अंदाजपत्रक हिवाळ्यात आकार घेतं, सभेपुढं येतं तेव्हा बहुतेक ठरलेलं असतं. पुण्यात 2006 च्या सुमारास नागरिकांकडून कामं सुचवून घ्यायला सुरुवात झाली, तेही अर्ज कितीतरी महिने आधी भरावे लागतात. तुम्ही दिवाळी झाली की सूचना द्या. येत्या सोमवारी पहिल्यांदा जाशील तेव्हा बँकेतून निवृत्त झालेलं कुणी तरी सोबत घे, त्यांची नजर आकड्यांवर बसलेली असते. आणि नळाला पाणी किती वाजता येतं हे सांगू शकतील अशा दोन बायका घे. साहेब पाण्याचा खर्च वाचायला लागले की त्यांना पुढं कर.