साठवणीच्या खाऊविषयी



आजीच्या डब्यातील खाऊच्या आठवणी लिहून काढण्याचा जो संकल्प माझ्या भाचीने केला आहे, तो स्तुत्य आहे. परंतु अशा लेखनात चव आणि लाड यांचीच वर्णने भरतात व खाऊ टिकवण्याची विद्या अनुल्लेखित राहते, म्हणून तिने आरंभ खाण्यापासून न करता साठवणीपासून करावा.

कोकणातील आंबापोळी, म्हणजे आटवलेला आमरस तूप लावलेल्या ताटात पातळ पसरून, उन्हात वाळवून, त्यावर पुन्हा रसाचे थर देत केलेली पोळी, मृगाचा पाऊस येण्यापूर्वी सुकवावी लागते, कारण दमट हवेत थर वाळण्याआधीच आंबतो. लाडवांमागेही हाच विचार असतो: डाळीचे पीठ तुपात मंद आचेवर भाजले की त्यातील पाण्याचा अंश उडून जातो आणि बेसनाचा लाडू पुष्कळ दिवस टिकतो, तर ओल्या नारळाचा रवालाडू ओलाव्यामुळे लवकर बिघडतो. रवालाडवाचा पाक एकतारी झाला, म्हणजे थेंब अंगठा व तर्जनी यांत धरून बोटे विलग करताच एक तार निघाली, हे आजी बोटांनी ओळखते.

पाककृती लक्ष्मीबाई धुरंधरांच्या ‘गृहिणी-मित्र’ (1910) किंवा कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ (1970) या ग्रंथांत सापडतील. डबा फडताळात, म्हणजे भिंतीतील कपाटात, कोणाचा हात पोचणार नाही अशा जागी का असे, हे मात्र तेथे सापडणार नाही. मागील पिढ्यांतील अनेक आज्यांच्या, विशेषतः विधवा आज्यांच्या, हाती स्वतःचा पैसा क्वचितच असे. घरातील व्यवहार इतरांच्या संमतीने चालत आणि ‘कोणाला, केव्हा, किती’ हे ठरवण्याचा अधिकार बहुधा त्या एका डब्यापुरता उरे. मुलांना जे केवळ प्रेम वाटले, त्यात हा अधिकारही होता, आणि तो लिहिल्याने प्रेमाला उणेपणा येत नाही. आजीच्या स्वतःच्या वाट्याला डब्यातले काय येई, हेही विचारावे.

येत्या वैशाखात भाचीने आजीजवळ बसून हे सर्व प्रत्यक्ष पाहावे आणि आजी ज्या वाटीने रवा-साखर मोजते ती वाटी काट्यावर तोलून घ्यावी, कारण प्रत्येक घरची वाटी निराळी असते.