विवाहाची पूर्वतयारी : वधूवरांनी स्वतः पाहावयाच्या काही गोष्टी

लग्नसराई जवळ आली म्हणजे आमच्या सोप्यात रोज सायंकाळी कोणी ना कोणी मुहूर्त विचारावयास येऊन बसते. येणारी मंडळी बहुधा वधूवरांचे वडील, चुलते, मामा अशी असतात. स्वतः वधूवर क्वचितच येतात. आले तरी "वडील माणसे ठरवतील ते" एवढे बोलून गप्प राहतात. आमचे वडील पौरोहित्य करतात, आणि शाळा संपल्यापासून आम्ही त्यांच्यामागून दर्भ-समिधांची पिशवी घेऊन हुबळी-धारवाडचे मांडव हिंडत आहोत. आमचा अधिकार लहान आणि वय त्याहूनही लहान. तथापि अग्नीच्या शेजारी बसणाऱ्यास जे दिसते ते मानाच्या खुर्चीवरील पाहुण्यास दिसत नाही, एवढ्याच आधारावर पुढील चार गोष्टी लिहीत आहोत.

प्रथम काळाचा विचार. आश्वलायनाच्या गृह्यसूत्रात विवाहास उत्तरायण, शुक्लपक्ष व शुभ नक्षत्र सांगितले आहे. परंतु त्यालाच लागून, कित्येकांच्या मते विवाह कोणत्याही काळी करावा, असेही नमूद केले आहे. सूत्रकार इतका उदार असता आपण मात्र एकाच दिवसाच्या हट्टाने दोन्ही घरे वेठीस धरतो. चातुर्मास, गुरुशुक्रांचा अस्त आणि अधिक मास हे काळ आपल्याकडे वर्ज्य मानतात. उदाहरणार्थ, शके १९४८ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून २०२६ असा, म्हणजे ऐन सुट्टीच्या दिवसांत. असे वर्ष असले की उरलेल्या थोड्या तिथींवर सारे गाव तुटून पडते आणि कल्याणमंटप मिळेनासा होतो. यास्तव क्रम असा असावा : आधी पुरोहिताकडून तीन मुहूर्त काढून घ्यावे, मग त्या तिन्ही दिवसांसाठी कार्यालय पाहावे, आणि कार्यालय हाती आल्यावरच पत्रिका छापावयास द्यावी. आधी पत्रिका छापून मग कार्यालय शोधणारे एक गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत. शेवटी त्यांनी प्रत्येक पत्रिकेवर हाताने नवा पत्ता चिकटविला.

मुहूर्ताच्या मिनिटांविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण सर्वात अधिक धावपळ व रुसवेफुगवे ह्याच ठिकाणी होतात. आपल्या घड्याळातील वेळ ८२॥ अंश पूर्व रेखांशाची आहे. धारवाड साधारण ७५ अंशांवर आहे. एका रेखांशास ४ मिनिटे, म्हणून आपला खरा मध्यान्ह घड्याळाच्या सुमारे अर्धा तास मागे असतो. पुण्याचे रेखांश सुमारे ७३ अंश ५० कला, तेव्हा पुणे व धारवाड ह्यांत जवळजवळ ५ मिनिटांचा फरक पडतो. मुंबईशी तो सुमारे ९ मिनिटांचा. अक्षांशाचाही फरक असल्याने दिनमान थोडे निराळे असते, ते वेगळेच. आपल्या मराठी घरांतून पुण्यामुंबईकडील पंचांगे येतात, आणि त्यांतील लग्नाच्या वेळा जशाच्या तशा उतरून घेतल्या जातात. गोरज मुहूर्त तर सूर्यास्तावरच अवलंबून. तो पुण्याच्या सूर्यास्तावरून धारवाडात कसा लागावा? म्हणून वेळ स्थानिक काढली आहे की नाही, हे पुरोहितास अवश्य विचारावे. विचारल्याने त्यांचा अपमान होत नाही, निदान आमच्या वडिलांचा तरी होत नाही.

उलट, एकेका मिनिटासाठी जीव टाकण्याचेही कारण नाही. बारा राशी चोवीस तासांत उगवतात, म्हणजे एका राशीस सरासरी २ तास. तिचा नववा भाग जो नवमांश, त्यास सरासरी १३ मिनिटे लागतात. चांगल्या मुहूर्तात एवढी सवड सहसा असते. ही सवड संपते ती मंगलाष्टकांत. पुरोहिताची मंगलाष्टके १० मिनिटांत होतात. परंतु मावशी, आत्या आणि वराचे मित्र ह्यांनी स्वतः रचलेली जी अष्टके ऐनवेळी पदरातून व खिशातून निघतात, त्यांना काळवेळ नसतो. कोणी किती म्हणावयाची हे वधूवरांनी आठ दिवस आधी ठरवून पुरोहितास कळवावे. मावशी रागावल्याच तर त्या आठ दिवसांत त्यांचा राग निवतो.

आता आपल्या ह्या जुळ्या शहरांच्या खास अडचणीकडे वळू. धारवाड जिल्हा १९५६ च्या नोव्हेंबरापर्यंत मुंबई राज्यात होता. त्याआधी आणि त्यानंतरही येथील मराठी व कन्नड घरांत सोयरीक होत आलेली आहे. एका मांडवात मुंडावळ्या आणि बाशिंग, अंतरपाट आणि जीरिगे-बेल्ल, रुखवत आणि सुरगी अशी दोन्हीकडची भर पडते. मुहूर्ताच्या वेळी वधूवरांनी परस्परांच्या मस्तकी जिरे व गूळ धरावयाचा, हे ज्या मुलाने कधी पाहिले नाही तो गोंधळून मागे सरतो, आणि तेवढ्यावरून "मुलास आमची रीत आवडली नाही" असे बोलणे सुरू होते. अशा वेळी आम्हांस पुन्हा आश्वलायनच आठवतो. विवाहप्रकरणाच्या आरंभी तो म्हणतो की देशोदेशींचे व गावोगावचे आचार नाना प्रकारचे आहेत, ते विवाहात पाळावेत. मी जे सर्वांस समान आहे तेवढेच सांगतो. पुष्कळ शतकांपूर्वीचे हे वचन हुबळीच्या मांडवासाठीच लिहिले असावे असे वाटते.

व्यवहारात एवढेच करावे. लग्नाच्या महिनाभर आधी वधूवरांनी एकत्र बसून एका कागदावर दोन रकाने आखावे. एका रकान्यात मुलीकडच्या रीती, दुसऱ्यात मुलाकडच्या. ज्या दोन्हीकडे आहेत त्या एकदाच होतील. ज्या एकाच बाजूस आहेत त्यांतील कोणती आजीस प्रिय आणि कोणती केवळ शेजारी करतात म्हणून, हे घरी विचारावे. दोन्हीकडचे पुरोहित येणार असतील तर कोणी काय चालवावयाचे हेही त्याच कागदावर असावे. एका लग्नात दोन गुरुजींनी एकाच वेळी पुण्याहवाचन आरंभिले आणि यजमानाने दोघांच्याही आज्ञेप्रमाणे पाणी सोडले, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पाणी मात्र पुरले.

ह्या सर्वांत जो विधी कधीही आखडता घेऊ नये तो सप्तपदीचा. आपल्याकडे अक्षता पडल्या की लोक लग्न लागले असे समजतात आणि पानाकडे धावतात. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे मात्र, ज्यांच्या रीतीत सप्तपदी आहे त्यांचा विवाह अग्नीसमोर सातवे पाऊल टाकल्यावर पूर्ण व बंधनकारक होतो. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक जोडपे आले होते की ज्यांच्याजवळ एका संस्थेचा दाखला होता, सरकारी नोंदणीही होती, परंतु विधी असा कोणताच झाला नव्हता. न्यायालयाने तो विवाह झालाच नाही असा निर्णय दिला. नोंदणी ही झालेल्या विवाहाचा पुरावा आहे. न झालेला विवाह ती करू शकत नाही.

दोन वर्षांपूर्वी हुबळीतील एका लग्नात छायाचित्रकाराने वधूवरांस हारांसहित तासभर उभे केले, नंतर वरपक्षाने पोषाख बदलण्यास वेळ घेतला, आणि आचाऱ्याचा निरोप आला की पदार्थ निवत आहेत. वडिलांनी होम आटोपता घेतला, सप्तपदी कशीबशी दोन मिनिटांत झाली. त्या वेळी छायाचित्रकार जेवावयास बसला होता. सायंकाळी ती नववधू आमच्या वडिलांजवळ येऊन म्हणाली, "गुरुजी, पाचव्या पावलाला मी काय वचन दिलं, ते मला सांगाल का?" वडील काही वेळ बोललेच नाहीत. मग त्यांनी तिला सातही पावले पुन्हा सांगितली : पहिले अन्नासाठी, दुसरे बळासाठी, तिसरे धनाच्या वाढीसाठी, चौथे सुखासाठी, पाचवे संततीसाठी, सहावे ऋतूंसाठी आणि सातवे सख्यासाठी. त्या दिवसापासून ते लग्नाच्या आदल्या रात्री वधूवरांस बोलावून हा अर्थ आधी सांगतात, मराठीत आणि लागल्यास कन्नडमध्ये. पाव तास पुरतो. ज्यांच्या पुरोहितांकडे ही पद्धत नसेल त्यांनी आपण होऊन मागावी.

पैशाविषयी लिहिताना आम्हांस परक्या घराचे उदाहरण देण्याची गरज नाही. आमच्या थोरल्या ताईचे लग्न झाले त्यास चार वर्षे होतील. दुसऱ्यांस काटकसर सांगणाऱ्या आमच्या वडिलांनी त्या लग्नासाठी एका पतसंस्थेचे कर्ज काढले. मुलाकडून मागणी अशी काहीच नव्हती. परंतु "त्यांच्या तोलाचे दिसले पाहिजे" ह्या एका वाक्यापायी धारवाडात लग्न आणि हुबळीत दुसऱ्या दिवशी पुन्हा आरतक्षतेचे जेवण, वाजंत्री, दुहेरी आहेर असा विस्तार झाला. गेल्या दिवाळीस आमचे भावोजी सहज म्हणाले, "मला विचारलं असतं तर मी ते दुसरं जेवण नको म्हणालो असतो." वडील नुसते हसले आणि उठून देवघरात गेले. कर्जाचा हप्ता अजून दर महिन्यास जातो, आणि तो भरावयास आम्हीच जातो. भावोजींस कोणी विचारले नाही; ताईसही नाही; आणि त्या दोघांनीही, परस्परांशी बोलण्याची मोकळीक असता, हा विषय काढला नाही.

म्हणून साखरपुड्यानंतर पहिले बोलणे ह्याच विषयाचे व्हावे. दोन्ही घरांस कर्जावाचून किती रक्कम काढता येईल तो आकडा आधी लिहावा, आणि खर्च त्याखाली मांडावे. खर्च आधी मांडून आकडा शेवटी लिहिण्याची जी सर्वत्र चाल आहे ती घात करते. वरदक्षिणा म्हणा, वरोपचार म्हणा किंवा मानपान म्हणा, विवाहानिमित्त मागितलेला पैसा हुंडाच होय. १९६१ च्या कायद्याने तो देणे, घेणे व नुसता मागणेही गुन्हा आहे. देण्याघेण्यास किमान ५ वर्षांची कैद सांगितली आहे. मागणीवाचून प्रेमाने दिलेल्या वस्तूंची यादी करावी असा १९८५ चा नियम आहे. वधूस मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने ठेवावी, वरास मिळालेल्यांची वराने. प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव व नाते त्यात असावे आणि खाली सही. आहेराच्या वहीस आपल्याकडे कोणीतरी काका बसलेलेच असतात. त्यांनाच हे रकाने आखून द्यावे.

नोंदणी उपनिबंधकांच्या कार्यालयात होते. तेथे लागणारे कागद, म्हणजे वयाचे व पत्त्याचे दाखले, पत्रिका, विधीची छायाचित्रे, साक्षीदारांचे कागद, हे लग्नाआधीच एका पाकिटात घालून ठेवावे. वर २१ वर्षांचा व वधू १८ वर्षांची पूर्ण असावी हे सर्वज्ञात आहे. आपल्या भागातील खरी अडचण नावाची. शाळेच्या दाखल्यावर कन्नड वळणाचे "कुलकर्णि", आधारावर निराळे इंग्रजी स्पेलिंग, पत्रिकेवर मराठी लाडके नाव, आणि वडिलांचे नाव कोठे पूर्ण तर कोठे नुसते आद्याक्षर! पत्रिका छापण्यापूर्वी सर्व दाखले शेजारी शेजारी ठेवून नाव एकाच रीतीने लिहावे. लग्नानंतर नाव बदलावयाचे की नाही हा वधूचा प्रश्न. तो तिने आधी ठरविला म्हणजे कागद दोनदा करावे लागत नाहीत.

पाहुण्यांच्या सोयीबद्दल थोडक्यात. पत्रिकेवर उतरावयाचे स्थानक स्पष्ट छापावे. हुबळी व धारवाड ह्यांत सुमारे २० किलोमीटरांचे अंतर आहे, आणि सामानसुमानासह चुकीच्या स्थानकावर उतरलेल्या पुण्याच्या आजोबांस मुहूर्त सापडत नाही. पंगतीचा हिशेब वधूवरांनी एकदा तरी करून पाहावा. ३०० पाने, एका पंगतीस १००, जेवण पाऊण तास आणि झाडलोट पाव तास असे धरले तर तिसरी पंगत पहिलीनंतर दोन तासांनी बसते. तेव्हा वृद्ध, लहान मुले, मधुमेहाचे रोगी आणि गाडी गाठावयाची आहे असे लोक पहिल्या पंगतीस बसवावे. मानकरी थांबू शकतात. आणि वधूवरांनी सकाळी काही खाल्ले आहे की नाही हे पाहणारे एक माणूस नेमावे. उपवासाची रीत असेल तेथे दूध, फळे चालतात का ते आधी विचारून ठेवावे. होमाच्या धुरात मूर्च्छा येऊन पडलेले वर आम्ही दोन पाहिले. वधू एकही नाही.

येत्या मोसमात ज्यांची कार्ये आहेत त्यांनी दोन रकान्यांचा तो कागद करून आमच्या घरी आणल्यास वडील तो वाचून क्रम लावून देतील. सायंकाळी दिवेलागणीनंतर ते घरीच असतात. मात्र ह्या वेळी वधूवरांनी स्वतः यावे.