रिपोर्ट ‘नो ग्रोथ’, पण जखम तशीच

पायाची जखम चिघळली आहे, पुवाला घाण वास येतो, अंगात ताप आहे. आणि पू तपासल्याचा कागद म्हणतो ‘नो ग्रोथ’. घरातले म्हणतात, जंतूच नाहीत तर औषध कशाला? असे समजून औषध बंद करू नका. त्या कागदाचा अर्थ एवढाच की त्या नमुन्यातून लॅबमध्ये काही वाढले नाही.

साध्या कल्चरमध्ये नमुना ताटलीवर पसरून साध्या हवेत, ३७ अंशांच्या उबेत ठेवतात. काही जंतूंना मात्र प्राणवायू सोसतच नाही. लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये असे जंतू दाखवून दिले. हे ॲनेरोबिक जंतू आपल्या तोंडात, आतड्यात एरवीही असतात. दाढ किडून गळू झाले, अपेंडिक्स फुटले, मधुमेह असलेल्याच्या पायाची जखम खोल गेली, की ते आत फोफावतात. कुजका वास ही त्यांची मोठी खूण.

त्यांच्यासाठी ताटली प्राणवायू काढलेल्या बंद डब्यात ठेवावी लागते. दोन दिवस तरी डबा उघडत नाहीत. पक्का रिपोर्ट यायला आठवडाही लागतो. म्हणून डॉक्टर आधीच औषध सुरू करतात.

खरी गोम नमुन्यात आहे. जखमेवरून फिरवलेली कापसाची काडी इथे फारशी कामाची नाही. डॉक्टरांनी सिरिंजने आतून ओढलेला पू हवा. (घरी गळू फोडू नका.) नमुना तुमच्याच हाती देऊन दुसऱ्या लॅबला पाठवले, तर वाटेत चहाला थांबू नका, आणि फ्रिजमध्ये तर ठेवूच नका. मेडिकलमधून आणून मेट्रोनिडाझोलच्या दोन-चार गोळ्या घेतल्या असतील तर लपवू नका. त्यानेही वाढ दिसत नाही. ‘हे साधे कल्चर की ॲनेरोबिक?’ असे डॉक्टरांना सरळ विचारा, त्यात कमीपणा नाही.

जखमेभोवती सूज झपाट्याने पसरली, कातडी काळी पडली किंवा दाबल्यावर आत चुरचुरले, तर कुठल्याच रिपोर्टसाठी थांबायचे नाही. रात्र असली तरी मोठे रुग्णालय गाठा. धनुर्वाताचा जंतूही याच जातीचा, पण तो आजार डॉक्टर लक्षणांवरूनच ओळखतात. गंजका पत्रा लागला, तर जखम साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि मागची धनुर्वाताची सुई कधी घेतली ते सांगा.