उच्चार एक, अर्थ निराळे



आपल्या गगनबावड्यात 'रेन' हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. पण इंग्रजीत 'रेन' तीन आहेत. आर-ए-आय-एन म्हणजे पाऊस, आर-ई-आय-एन म्हणजे घोड्याचा लगाम आणि आर-ई-आय-जी-एन म्हणजे राजवट. यातला 'जी' मुका. मराठीत आपण बहुधा बोलतो तसेच लिहितो, म्हणून कानावर विसंबतो. इंग्रजीत तीच सवय घात करते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३५ साली मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे 'प्रिन्सिपल' झाले. या शब्दाच्या शेवटी पी-ए-एल येते. पी-एल-ई लिहिले की अर्थ होतो 'तत्त्व'. रजेच्या अर्जात कितीतरी मुले प्राचार्यांचे असे तत्त्व करून टाकतात!

सर्वांत जपावे ते 'कास्ट'ला. बाबासाहेबांच्या १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथाचे नाव इंग्रजीत पाहा : सी-ए-एस-टी-ई. शेवटचा 'ई' गळला की अर्थ 'टाकणे' असा होतो. निवडणुकीत मत टाकतात ते हे 'कास्ट'. नोकरीच्या माझ्या पहिल्या इंग्रजी अर्जात जोडपत्रांच्या यादीत मी 'कास्ट सर्टिफिकेट' लिहिताना हा 'ई' विसरलो होतो. मुलाखतीत साहेबांनी त्या शब्दावर बोट ठेवले आणि विचारले, "काय टाकलंत?" सगळे हसले. पुढच्या सोप्या प्रश्नांचीही उत्तरे मला सुचली नाहीत.

आता 'स्टेशनरी' वहीत दोनदा लिहा. कागद-पेनाची शेवटी ई-आर-वाय, घाटात बंद पडलेल्या एस.टी.ची ए-आर-वाय.