निवासी वस्तीतील कार्यालये आणि नागरिकांची हरकत

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको वसाहतीत एखादा निवासी भूखंड वाणिज्य विभागात समाविष्ट करून तेथे लहानसे कार्यालय-संकुल उभारण्याचा प्रस्ताव आला, की शेजारी अस्वस्थ होतात. ही अस्वस्थता अनाठायी नव्हे. जायकवाडीचे पाणी या शहरात काही दिवसांच्या अंतराने नळाला येते. त्यात अरुंद गल्लीत दिवसभर वाहने उभी राहिली, तर पाण्याचा टँकरही आत शिरत नाही.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये अंतिम विकास योजनेत असा फेरबदल करता येतो. मात्र त्यामुळे योजनेचे मूळ स्वरूप बदलता कामा नये. प्रथम राजपत्रात सूचना प्रसिद्ध होते. तिच्या दिनांकापासून एक महिन्याच्या आत कोणाही व्यक्तीस हरकत नोंदविता येते. बाधित व्यक्तींना स्वतंत्र नोटीस व सुनावणी दिल्यानंतरच प्रस्ताव शासनाकडे मंजुरीसाठी जातो.

“आम्हांस त्रास होईल” एवढेच लिहिलेल्या अर्जाचा फारसा उपयोग नाही. रस्त्याची रुंदी, वाहनतळाची जागा, सांडपाण्याची वाहिनी यांचा मोजमापासह उल्लेख असावा. बंगलोर येथे उद्यानासाठी राखलेली जागा खाजगी रुग्णालयास देण्याविरुद्ध रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले.

राजपत्र कितीजण वाचतात? तेव्हा स्थानिक लोकप्रतिनिधींनी ती सूचना, अखेरच्या दिनांकासह, त्या भूखंडावरच ठळक मराठीत लावून घ्यावी.