जोसेफ विर्शिंग : प्रकाश कुठे पाडायचा हे जाणणारा कॅमेरामन



सिनेमाचा विषय निघाला की मुलांच्या तोंडी नट-नट्यांची नावं येतात. फार तर गायकाचं, दिग्दर्शकाचं. पण ज्याच्या डोळ्यांनी आपण अख्खा सिनेमा बघतो, त्या कॅमेरामनचं नाव मोठ्यांनाही सांगता येत नाही. म्हणून आज जोसेफ विर्शिंग यांची ओळख करून घेऊ. सहावीला ‘प्रकाश व छायानिर्मिती’ शिकवताना हा माणूस फार उपयोगी पडतो, आणि इतिहास शिकवतानाही.

विर्शिंग यांचा जन्म 1903 साली जर्मनीतील म्युनिक शहरात झाला. तिथल्या एमेल्का या चित्रपट कंपनीत ते कॅमेऱ्याचं काम शिकले. 1925 साली या कंपनीने हिमांशु राय यांच्यासोबत गौतम बुद्धांच्या जीवनावर ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट काढला. दिग्दर्शक होते फ्रान्झ ओस्टेन. चित्रीकरणासाठी भारतात आलेल्या तुकडीत जेमतेम बाविशीतले विर्शिंग होते. या चित्रपटाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. स्टुडिओतले सेट नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत, हे निर्मात्यांनी पडद्यावरच अभिमानाने लिहून दाखवलं होतं. म्हणजे सगळी भिस्त सूर्यावर! ढग आला की थांबा, ऊन कललं की घाई करा.

पुढे 1934 साली हिमांशु राय आणि देविका राणी यांनी मुंबईत मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभारलं, तेव्हा ओस्टेन आणि विर्शिंग पुन्हा आले. आता बोलपटाचा जमाना होता, त्यामुळे काम बंद स्टुडिओत. सूर्य नाही, सगळा उजेड आपणच तयार करायचा. त्या काळचे जर्मन चित्रपट दाट सावल्यांसाठी जगभर गाजलेले होते, आणि विर्शिंग त्याच वातावरणात वाढलेले. या जोडीने चार-पाच वर्षांत डझनाहून जास्त हिंदी चित्रपट केले. ओस्टेनना हिंदी येत नव्हतं हे विशेष! 1936 चा ‘अछूत कन्या’ जमला तर जरूर बघा. अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांची ती गोष्ट. देविका राणींच्या चेहऱ्यावर उजेड कुठून येतो, केसांच्या कडा का चमकतात, मागची भिंत काळोखात का ठेवली आहे, एवढंच पाहत बसा. गोष्टीपेक्षा उजेडाकडे बघायला लागलं की सिनेमा वेगळाच दिसतो. (खेड्यातली मुलगी इतकी टापटीप कशी, हा प्रश्न मुलं विचारतीलच. योग्यच आहे तो.)

वर्गात यासाठी एक टॉर्च पुरते. खिडक्या बंद करून एका मुलाच्या चेहऱ्यावर आधी समोरून, मग बाजूने, मग हनुवटीखालून उजेड टाका. चेहरा तोच, पण समोरून सपाट दिसतो, बाजूने नाकाची सावली गालावर पडते आणि खालून टाकला की पोरं किंचाळतात. का? कारण सूर्य काय, दिवा काय, आपल्याला उजेड वरून येण्याची सवय असते. मग टॉर्चवर बटर पेपर धरा. सावलीची धारदार कड लगेच मऊ होते, कारण लहान प्रकाशस्रोत आता पसरट झाला. पुस्तकातली व्याख्या पाठ करून घेण्यापेक्षा हे दहा मिनिटांत डोक्यात बसतं. छायाचित्रणकार आयुष्यभर हेच करतो, फक्त टॉर्चऐवजी मोठमोठे दिवे वापरून.

1939 साली दुसरं महायुद्ध पेटलं आणि इंग्रज सरकारच्या लेखी भारतातले जर्मन नागरिक एका रात्रीत शत्रू ठरले. काल ज्या स्टुडिओत दिवे लावत होते, तिथून विर्शिंग थेट नजरकैदेत गेले. अहमदनगर, देवळाली, डेहराडून आणि शेवटी साताऱ्याची छावणी. युद्ध संपेपर्यंतची सगळी वर्षं अशी गेली. नगर आणि साताऱ्याच्या शिक्षकांनो, तुमच्या मुलांना हे जरूर सांगा. महायुद्ध म्हणजे फक्त हिटलर आणि हिरोशिमा नाही, ते आपल्या गावापर्यंत असं येऊन पोचलं होतं. एखादा माणूस त्याने केलेल्या कामावरून ओळखायचा की त्याच्या पासपोर्टवरून, यावर सातवी-आठवीची मुलं तासभर बोलू शकतात.

इकडे स्टुडिओ थांबला नाही. विर्शिंग यांच्या हाताखाली तयार झालेले आर. डी. परींजा यांनी कॅमेरा सांभाळला, आणि 1943 चा प्रचंड चाललेला ‘किस्मत’ त्यांनी चित्रित केला. गुरू तारेच्या कुंपणाआड होते, शिष्याचं काम थिएटरात झळकत होतं!

सुटका झाल्यावर विर्शिंग जर्मनीला परत गेले नाहीत, मुंबईतच राहिले. 1949 साली कमाल अमरोहींचा ‘महल’ आला. जुनी हवेली, वादळी रात्र, झोपाळ्यावरची मधुबाला. ‘महल’मध्ये भीती वाटते ती भुतामुळे नाही, पडद्याचा जो भाग दिसतच नाही त्यामुळे. माझ्या मते हे त्यांचं सर्वांत चांगलं काम. 1960 चा ‘दिल अपना और प्रीत पराई’ही त्यांचाच.

आणि मग ‘पाकीज़ा’. सुरुवात कृष्णधवल, नंतर रंगीत, त्यानंतर रुंद पडद्याचं सिनेमास्कोप. तंत्र बदललं की पुन्हा नव्याने मांडणी. रंग आला की सावलीचाही रंग बघावा लागतो, पडदा रुंद झाला की दोन्ही कडांच्या रिकाम्या जागेचं काय करायचं ते ठरवावं लागतं. साठीकडे झुकलेला हा माणूस ते सगळं नव्याने जमवत होता. 1964 च्या सुमारास अमरोही आणि मीनाकुमारी वेगळे झाले आणि काम बंद पडलं. विर्शिंग 1967 साली मुंबईतच वारले. चित्रीकरण पुन्हा सुरू झालं 1969 मध्ये. उरलेली दृश्यं दुसऱ्या कॅमेरामननी घेतली, पण ती विर्शिंग यांच्या उजेडाला जुळवून. 4 फेब्रुवारी 1972 रोजी मुंबईच्या मराठा मंदिरात ‘पाकीज़ा’ प्रदर्शित झाला. नामावलीत छायाचित्रणासाठी नाव आहे जोसेफ विर्शिंग यांचं.

विर्शिंग स्थिरचित्रंही खूप काढत. सेटवरची, नटांची, काम करणाऱ्या माणसांची. त्या फोटोंचं प्रदर्शन 2017 साली गोव्यात सेरेंडिपिटी कला महोत्सवात भरलं होतं. ‘पाकीज़ा’ मुलांसोबत बघणार असाल तर आवाज पूर्ण बंद करून एकच गाणं दाखवा, आणि झुंबर, आरसे, कारंजी यांच्यापैकी उजेड नेमका कुठून येतोय ते त्यांना शोधू द्या. वहीत एक चौकोन काढून त्यात बाण दाखवायला सांगितलं तरी चालेल.